साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी

मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेस १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून बसलेल्या एका विद्यार्थ्यास एकंदर ७५० गुणांपैकी २८२ गुण मिळाले. शेकडेवारी काढली तर ती पुरती अडतीसही भरत नाही. आज एखाद्या मुलाने असे गुणपत्रक घरी नेले, तर ते आईवडिलांपुढे ठेवताना त्याचा हात थरथरेल. शेजारीपाजारी त्याच्या बुद्धीविषयी काय मत करून घेतील, तेही सांगावयास नको. परंतु हाच विद्यार्थी पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा पीएच. डी., लंडन विद्यापीठाचा डी. एस्सी. आणि ग्रेज इनचा बॅरिस्टर झाला. स्वतंत्र भारताच्या संविधानाचा मसुदा ज्या समितीने तयार केला, तिचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. हा विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांचे चरित्र आपण अनेक वेळा ऐकले व वाचले आहे. येथे ते एका प्रश्नाच्या अनुरोधाने सांगावयाचे योजिले आहे. ते २८२ गुण नेमके कशाचे माप होते? त्या मुलाच्या बुद्धीचे, की ज्या परिस्थितीत ती बुद्धी वाढली त्या परिस्थितीचे? हा प्रश्न एकट्या बाबासाहेबांपुरता नाही. बुद्धी म्हणजे काय आणि ती मोजता येते काय, याविषयी जगभर गेली शंभरसव्वाशे वर्षे वाद चालू आहे. आणि दर वर्षी निकालाच्या दिवशी आपल्या प्रत्येक घरात तोच वाद नव्याने उपस्थित होत असतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी मालोजी सकपाळ व भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रामजी सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिक्षकाचे काम केले होते. महार समाजातील या कुटुंबात अक्षरओळख होती, संतवाङ्मयाचे पाठांतर होते, आणि मुलांनी शिकावे असा वडिलांचा ध्यास होता. रामजी सेवानिवृत्त झाल्यावर हे कुटुंब प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाई निवर्तल्या. पाचसहा वर्षांच्या भीवाचा सांभाळ पुढे आत्या मीराबाईंनी केला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळण्यात येतो. शाळेत नाव लागले, तथापि वर्गात जागा मिळाली असे म्हणता येत नाही. हा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळा बसे, आणि संध्याकाळी ते गोणपाट पुन्हा घरी घेऊन जाई. कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानेने कोरड पडलेल्या घशानेच बसावे लागे. विद्यार्थीमित्रांनी येथे क्षणभर विचार करावा. तहानलेला मुलगा शिपायाची वाट पाहत असताना फळ्यावरच्या गणिताकडे त्याचे किती लक्ष लागणार? आणि त्या दिवशी ते गणित त्याला आले नाही, तर तो दोष कोणाच्या खाती मांडावयाचा?

काही वर्षांनी कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. तेथेच स्वयंपाक, तेथेच झोपणे आणि तेथेच अभ्यास. दिवसा चाळीच्या गलबल्यात वाचन होत नसे, म्हणून वडील मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून दिव्यासमोर बसवीत. मुलाला पुस्तकांची विलक्षण ओढ होती व निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजी विवाहित लेकींच्या घरी जात, एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक खरेदी करीत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत करीत. बुद्धीच्या वाढीला लागणाऱ्या खर्चाचा हिशेब कोणत्याही गुणपत्रकात येत नाही. तो या दागिन्यांच्या गहाणवटीत पाहावा लागतो.

एल्फिन्स्टन हायस्कूल हे सरकारी व नामांकित विद्यालय होते. तरी तेथेही शिवाशिवीने पाठ सोडली नाही. एकदा शिक्षकांनी भीमरावांना एक उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले. वर्गातील मुलांचे जेवणाचे डबे फळ्याच्या मागे ठेवलेले असत. हा मुलगा फळ्यापाशी पोहोचण्यापूर्वी ते डबे उचलून घेण्यासाठी वर्गात एकच धावपळ उडाली. डबे बाजूला झाल्यावर त्याला खडू हाती घेता आला. एका मुलाने आपली बुद्धी दाखविण्यासाठी पुढे यावे आणि उरलेल्यांना तिच्याऐवजी आपले डबे दिसावेत, याहून बुद्धिमापनाची मोठी विटंबना कोणती असेल?

संस्कृत शिकण्याची भीमरावांची फार इच्छा होती. परंतु अस्पृश्य मुलास संस्कृत शिकविण्याची शिक्षकांची तयारी नव्हती. निरुपायाने त्यांनी फारसी घेतली. पुढील आयुष्यात त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृताचा अभ्यास केला व प्राचीन ग्रंथांचे परिशीलन केले. शाळेत असताना त्यांची संस्कृतातील गती कोणी तपासली असती, तर तेथे शून्य दिसले असते. ते शून्य मुलाचे नव्हते, न शिकविणाऱ्यांचे होते.

अशा वाटेने चालत आलेला हा मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. आता ते २८२ गुण पुन्हा पाहावे. ज्याला प्रत्येक पायरीवर अडविले गेले, तो किती उंच चढला हे मोजताना त्याने किती अडथळे ओलांडले तेही धरावे लागते. परीक्षकाजवळ ते मोजण्याचे साधन नव्हते. परीक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. उत्तरपत्रिकेत जे लिहिले होते तेवढेच त्याने तपासावयाचे होते. किंबहुना परीक्षेचा एक गुण येथे मान्य केलाच पाहिजे. ज्या समाजात पाण्याच्या नळाला स्पर्श करण्यासही मनाई होती, त्या समाजात उत्तीर्ण हा शिक्का बसताच महाविद्यालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार प्राप्त होत होता. परीक्षा नसती आणि सारा निवाडा शिफारशीवर असता, तर भीमरावांची शिफारस कोण करणार होते? परीक्षेने त्यांना दारापर्यंत आणले एवढे खरे. पण दारातून आत गेल्यावर ते कोठवर जातील, हे तिला सांगता आले नाही.

हे ज्यांना दिसले ते पुरुष निराळे होते. भीमरावांच्या यशाबद्दल मुंबईत सत्काराची सभा झाली, समाजसुधारक सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते. सभेस कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत पूर्वीच भरला होता. सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्याला भेट दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली व एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा मार्ग मोकळा झाला. केळुसकरांनी गुणपत्रक पाहून अंदाज बांधला नव्हता. बागेच्या बाकावर रोज बसून वाचणारा मुलगा त्यांनी पाहिला होता. चिकाटी, जिज्ञासा आणि पुस्तकाची भूक ही बुद्धीचीच अंगे आहेत. ती तीन तासांच्या परीक्षेत दिसत नाहीत, दीर्घ परिचयात दिसतात.

पदवी घेतल्यावर १९१३ साली सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेस गेले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांच्या शेजारी कोणी जागा सोडून बसत नव्हते. ग्रंथालयात कोणी जात विचारीत नव्हते. या मोकळ्या हवेत त्यांच्या बुद्धीने जी झेप घेतली, तिची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ व तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतले. मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, फ्रेंच व जर्मन हे त्यांखेरीज. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच. डी.चा प्रबंध सादर केला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. मॅट्रिकला शेकडा अडतीस न भरणाऱ्या विद्यार्थ्याचे हे नऊ वर्षांनंतरचे चित्र आहे. मेंदू तोच होता. भोवतालची परिस्थिती बदलली होती.

योगायोग असा की बुद्धी मोजण्याच्या आधुनिक उद्योगाशी याच कोलंबिया विद्यापीठाचा निकटचा संबंध होता. जेम्स कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १८९० साली मानसिक चाचणी हा शब्दप्रयोग प्रचारात आणला व पुढे कोलंबियात येऊन तेथील विद्यार्थ्यांवर अशा चाचण्या चालविल्या. हाताच्या पकडीचा जोर, आवाज ऐकल्यावर हालचाल करण्यास लागणारा वेळ, स्पर्शाची सूक्ष्मता अशा गोष्टी तो मोजीत असे. १९०१ साली क्लार्क विस्लर या त्याच्याच विद्यार्थ्याने ही मापे व महाविद्यालयातील गुण यांची तुलना केली, तेव्हा दोहोंत काही संबंधच आढळेना. मोठ्या काटेकोरपणे मोजमाप झाले होते, पण ज्याचे माप हवे होते ते निसटले होते.

यापेक्षा उपयुक्त मार्ग फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने शोधला. ज्या मुलांना शाळेचा नेहमीचा अभ्यास झेपत नाही, त्यांना ओळखून वेगळी मदत द्यावी, या हेतूने तेथील सरकारने १९०४ साली एक समिती नेमली होती. त्या कामासाठी बिने व त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली सोप्यापासून कठीणाकडे जाणाऱ्या ३० प्रश्नांची मालिका तयार केली. वस्तूंची नावे सांगणे, आकडे ऐकून म्हणून दाखविणे, दोन गोष्टींतील फरक सांगणे, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. ही मालिका म्हणजे मुलाच्या बुद्धीची कायमची किंमत नव्हे, असे बिनेने वारंवार बजावले होते. मागे पडलेली मुले योग्य व्यायामाने पुढे येतात, अशी त्याची श्रद्धा होती व तसे व्यायामही त्याने योजले होते. १९११ साली तो वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीतील स्टर्न याने मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत टर्मन याने बिनेच्या मालिकेची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली आणि बुद्धिगुणांक हा शब्द घरोघर पोहोचला. मदतीसाठी घडविलेले साधन हळूहळू शिक्का मारण्याचे साधन झाले.

त्याचे परिणाम लवकरच दिसले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यांतील कित्येक प्रश्न अमेरिकेतील व्यापारी मालाची आणि खेळांची माहिती विचारीत होते. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या परदेशी माणसाला ती कोठून असणार? त्याचे गुण कमी पडले. त्यांवरून १९२३ साली ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने अमुक वंशाचे लोक जन्मतःच मंद असतात असा निष्कर्ष काढला. १९३० साली त्यानेच तो चुकीचा असल्याचे जाहीरपणे मान्य केले. परंतु मधल्या काळात अनेकांची मने कलुषित झाली होती. ज्यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात भीमराव बसले होते, त्या प्राध्यापक जॉन ड्यूई यांनी १९२२ साली या लाटेविरुद्ध लेखणी उचलली. सरासरी काढून माणसांच्या प्रती लावल्या की प्रत्येक माणसातील आगळेपण नजरेआड होते, आणि शिक्षणाचे काम तर ते आगळेपण शोधण्याचे आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. ड्यूईंच्या विचारांचा ठसा बाबासाहेबांच्या लेखनावर जन्मभर राहिला.

बाबासाहेबांना मात्र असल्या शिक्क्यांची ओळख प्रयोगशाळेत व्हावयाची नव्हती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. त्यांच्या ग्रंथांपैकी बराच भाग घेऊन येणारी बोट युद्धात बुडाली. बडोदा संस्थानात ते मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले, पण कचेरीतील शिपाई कागदपत्रे त्यांच्या हाती न देता दुरून टेबलावर टाकीत. शहरात राहावयास खोली मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला तर तेथून जमावाने बाहेर काढले. कोलंबियाच्या विद्वत्तेचे मोल एका जातीच्या नावापुढे शून्य ठरले. ज्यांनी त्यांना बाहेर काढले, त्यांच्याजवळही माणूस मोजण्याचे एक माप होतेच. ते जन्माचे माप होते.

तरी त्यांनी धीर सोडला नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेले पैसे, कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून दार बंद होईपर्यंत बसावे, आणि खोलीवर येऊन पुन्हा वाचावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांना प्रथम रुचला नाही. ब्रिटिश धोरणावरील टीका फार तिखट वाटली. बाबासाहेबांनी आपला निष्कर्ष न सोडता मांडणी बदलली व १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी मिळविली. प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तेव्हा प्राध्यापक एडविन कॅनन यांनी काही बाबतींत आपला मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना लिहिली. खरा परीक्षक कसा असतो, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उत्तर आपल्या मताप्रमाणे नसले तरी त्यामागील विचाराचे सामर्थ्य त्याला ओळखता येते.

मायदेशी परतल्यावर बाबासाहेबांनी चळवळ आरंभिली. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार या घटना आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतोच. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीने १९२४ साली प्रश्नावली पाठविली, तेव्हा बाबासाहेबांनी विस्तृत उत्तर दिले. जे विद्यापीठ केवळ परीक्षा घेते ते ज्ञान वाढवू शकत नाही. अध्यापन व संशोधन हेच त्याचे मुख्य कार्य असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. परीक्षेच्या तराजूत एकदा स्वतः तोलला गेलेला माणूस येथे तराजूचीच तपासणी करीत होता.

दुसरी गोष्ट १९३६ सालची. जातिनिर्मूलनावरील आपल्या सुप्रसिद्ध भाषणात त्यांनी समतेचा प्रश्न हाताळला. माणसे सारखी नसतात, हा आक्षेप त्यांनी टाळला नाही. त्यांच्या विवेचनाप्रमाणे माणसामाणसांतील फरक तीन कारणांनी पडतो: आईबापांकडून आलेली शरीरप्रकृती, समाजाकडून मिळालेला वारसा, म्हणजे शिक्षण, संस्कार व साधने, आणि ज्याचा त्याचा प्रयत्न. प्रयत्न कमीअधिक असेल तर फळही कमीअधिक मिळावे, हे त्यांना मान्य होते. परंतु पहिल्या दोहोंत मुलाचे कर्तृत्व काय? शर्यतीच्या आरंभीच काहींना पुढे उभे केले, तर जिंकणारे कोण हे शर्यतीपूर्वीच ठरते. समाजाला आपल्या सर्व माणसांपासून अधिकांत अधिक लाभ व्हावा असे वाटत असेल, तर आरंभरेषा शक्य तितकी समान केली पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त. साताऱ्याचे गोणपाट व डबक चाळीतील दिवा ज्याने अनुभवला, त्याच्या लेखणीतून हा विचार आला, म्हणून त्याला शास्त्राचा आणि अनुभवाचा असा दुहेरी आधार आहे.

ही आरंभरेषा समान करण्याचे काम त्यांनी केवळ भाषणावर सोडले नाही. १९२५ साली सोलापुरात वसतिगृह निघाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर त्यांचे लक्ष आपल्या मुलखाकडे वळले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या बाबतीत फार मागासलेला होता. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्यांनी महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात प्रथमच पुस्तक हाती धरणारी मुले तेथे शिकली, आणि त्यांच्यातून मराठी साहित्याला व समाजाला अनेक कर्ते पुरुष व स्त्रिया लाभल्या. ज्यांच्या बुद्धीविषयी शतकानुशतके कोणी विचारलेच नव्हते, त्यांना केवळ संधी मिळताच काय घडते, याचा हा पुरावा कोणत्याही चाचणीपेक्षा मोठा आहे.

कोठीत राहणाऱ्या आपणांस आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. आपल्या जुन्या रेसिडेन्सीच्या भव्य वास्तूत ज्या उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय अनेक दशके चालले, त्याच विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच्या आदल्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाने एल्एल. डी. देऊन आपल्या जुन्या विद्यार्थ्याचा गौरव केला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

बुद्धिमापनाचा प्रवाह पुढे आपल्या भाषेतही आला. धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या चाचणीची भारतीय आवृत्ती परिश्रमपूर्वक सिद्ध केली; १०७४ मुलांना तपासून केलेले हे काम १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. हे काम आवश्यक होते, यातच चाचणीची मर्यादा उघड होते. बुद्धी जर एखाद्या दगडासारखी वजन करता येण्याजोगी वस्तू असती, तर पॅरिसचा तराजू धारवाडास आणताना बदलावा लागला नसता. प्रश्न समजण्यासाठी भाषा लागते, आणि भाषेबरोबर सारा घरसंसार येतो. माझ्या मातृभाषेत, कोकणीत, पाण्याला उदक म्हणतात आणि मासळीला नुस्तें. कोकणी घरातील लहान मुलाने मराठी शब्द न ओळखल्यामुळे चुकीच्या चित्रावर बोट ठेवले, तर त्याला पाणी ठाऊक नाही असे थोडेच होते? आपल्या शाळेतील मुले घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि मित्रांत दखनी बोलतात. तीन भाषांतून सहज वाट काढणारी त्यांची ही हुशारी एका भाषेतल्या प्रश्नपत्रिकेत कोठे नोंदली जाणार?

पुढील संशोधनाने या शंकेला बळकटी आणली. न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले, की अमेरिकेत बुद्धिचाचण्यांतील सरासरी दर दहा वर्षांस सुमारे तीन गुणांनी वाढत आली होती. इतर देशांतही पुढे अशीच वाढ आढळली. दोनतीन पिढ्यांत मनुष्यजातीचा मेंदू पालटत नाही. पालटले ते शिक्षण, पोषण व राहणीमान. म्हणजे ज्याला आपण जन्मजात समजत होतो, त्याचा मोठा हिस्सा परिस्थितीतून येत होता. याचा अर्थ चाचण्या निरर्थक आहेत असा नव्हे. मुलाला ऐकू कमी येते की अक्षरे ओळखण्यास त्रास होतो, त्याला कोणत्या मदतीची गरज आहे, हे जाणत्याच्या हातून घेतलेली चाचणी सांगू शकते. बिनेचाही हेतू तोच होता. मूल आज कोठे उभे आहे एवढे ती सांगते. ते तेथे का उभे आहे आणि कोठवर जाईल, हे सांगण्याचा अधिकार तिला नाही.

विद्यार्थीमित्रहो, यावरून कमी गुणांची थोरवी गाण्याचा मोह मात्र टाळावा. बाबासाहेब २८२ गुणांमुळे मोठे झाले नाहीत; ते गुण मिळाल्यानंतरही मध्यरात्रीचा दिवा विझला नाही, म्हणून मोठे झाले. आळसाने गमावलेल्या गुणांना त्यांच्या उदाहरणाचा आधार मिळणार नाही. त्याचप्रमाणे ज्यांना शेकडा नव्वद मिळतात, त्यांनी आपल्या यशात घरातील स्वतंत्र खोली, शिकवणी, पोटभर जेवण आणि शिकलेले आईबाप यांचा वाटा किती, याचा प्रामाणिक हिशेब एकदा करून पाहावा.

आणि पालकांस व आम्हां शिक्षकांस एवढीच विनंती की वर्गातील मागच्या बाकावरील मुलाविषयी निकाल देण्याची घाई होऊ नये. गुणपत्रकावर सही करताना त्या मुलाच्या घरी दिवा आहे काय, पुस्तक आहे काय, आणि त्याला प्रश्नाची भाषा कळते काय, हेही विचारले जावे. १९०७ साली त्या गुणपत्रकाच्या पलीकडे पाहणारे केळुसकर भेटले व सयाजीराव भेटले. ते भेटले नसते, तर ती बुद्धी तेवढीच राहिली असती; केवळ ती होती हे आपणांस कधी कळले नसते. अशा न कळलेल्या बुद्धींची गणती कोणत्या दप्तरात असेल?